गरोदर बाईला दिलेल्या औषधाचा हिशेब कुणाकडे आहे?

लातूर हे मराठवाड्यातलं बाळंतपणाचं मोठं ठिकाण आहे. औसा, निलंगा, रेणापूर, अहमदपूरच्या लेकी-सुना इथे येतातच, पण धाराशिव, बीड आणि सीमेपलीकडच्या बिदरकडूनही बायका येतात. काही जणी विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात जातात, काही स्त्री रुग्णालयात, बाकीच्या खासगी दवाखान्यांत. त्यांच्या फाइलमध्ये लिहिलेल्या औषधांपैकी काही मुळात गरोदरपणासाठी आलेलीच नसतात. एखादं पोटातल्या अल्सरसाठी आलेलं असतं, एखादं रक्तदाबासाठी, एखादं पुरुषांच्या लैंगिक तक्रारीसाठी.

औषधाला परवानगी देताना सरकार ठरवतं की ते कोणत्या आजारासाठी, किती मात्रेत आणि तोंडावाटे की सुईनं द्यायचं. या चौकटीबाहेरच्या वापराला डॉक्टर मंडळी ‘ऑफ-लेबल’ म्हणतात. गरोदरपणात असा वापर थांबवता येणार नाही आणि थांबवूही नये, असं माझं मत आहे. पण तो बाईला सांगून, कागदावर लिहून आणि पुढे काय झालं ते मोजून व्हायला हवा. आज या तिन्ही गोष्टी क्वचितच एकत्र होतात. त्याबद्दलचे हे मुद्दे.

१. लेबलबाहेर म्हणजे बेकायदा नव्हे.

निफेडिपिन ही रक्तदाबाची गोळी. दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या तर त्या थोपवण्यासाठी ती जगभर देतात, आणि त्यामुळे आईला मोठ्या रुग्णालयात हलवायला मोलाचे तास मिळतात. १९४०चा औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा औषध बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर नियंत्रण ठेवतो. डॉक्टरनं आपल्या अनुभवानं आणि अभ्यासानं ते दुसऱ्या कामासाठी लिहून दिलं तर केवळ तेवढ्यानं गुन्हा होत नाही. कंपनीला मात्र अशा वापराची जाहिरात करता येत नाही. २०१९च्या नियमांप्रमाणे जुन्या औषधाचा नव्या आजारासाठी दावा करायचा तर ते ‘नवं औषध’ ठरतं आणि पुरावा द्यावा लागतो.

मग कंपन्या तो पुरावा का देत नाहीत? एक तर स्वस्त, जुन्या गोळीत नफा नाही. दुसरं कारण अधिक खोल आहे. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ साली जर्मनीत बाजारात आलं आणि १९६१ मध्ये मागे घेतलं गेलं. तेवढ्या काळात दहा हजारांहून अधिक बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. त्या धक्क्यानंतर गरोदर बायकांना औषधांच्या चाचण्यांतून दूरच ठेवण्याची रीत पडली. हेतू त्यांच्या रक्षणाचा होता. झालं असं, की चाचणीत काळजीपूर्वक, थोड्या जणींवर तपासायला हवं होतं ते औषध दवाखान्यांत हजारो जणींवर न तपासता वापरलं जाऊ लागलं. कोविडमध्ये हेच दिसलं. देशात लसीकरण जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालं, पण गरोदर बायकांना लस घेण्याची मुभा २ जुलै २०२१ला मिळाली. दुसऱ्या लाटेचा कहर या दोन तारखांच्या मध्येच होऊन गेला.

२. लेबलबाहेरच्या एका गोळीनं आपल्याच शेजारच्या राज्यात बायकांचा रक्तस्राव थांबवला.

मिसोप्रोस्टॉल मुळात जठरातल्या व्रणाची गोळी. ती गर्भाशय आकुंचित करते हे डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर तिचा विचार सुरू झाला. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं. मे महिन्यात वीज गेलेल्या उपकेंद्रात ते कसं टिकणार, हे लातूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. गोळीला ना सुई लागते ना फ्रिज.

२००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर तिची चाचणी झाली. गावपातळीवरच्या परिचारिकांनीच बाळंतपणानंतर ६०० मायक्रोग्रॅमची गोळी तोंडावाटे दिली. गोळी न मिळालेल्या गटात १२ टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला, तर गोळी मिळालेल्या गटात ६.४ टक्के. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी भारतात या उपयोगासाठी गोळीला परवानगी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये याच कामासाठी तिला आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. लेबलबाहेरचं औषध लेबलच्या आत आणण्याचा सरळ रस्ता हाच.

त्या चाचणीवर आक्षेपही घेतला गेला, आणि तो फेटाळण्यासारखा नव्हता. रक्तस्राव टाळणारं इंजेक्शन जगाला माहीत असताना निम्म्या बायकांना नुसती बिनऔषधाची गोळी का दिली? संशोधकांचा आधार असा होता, की त्या गावांत बाळंतपणानंतर कोणतंच औषध न देण्याची रीत होती. म्हणजे या बायकांचं आधी जे होत होतं त्यापेक्षा वाईट काही झालं नाही. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही, कारण गरिबाला आधीपासून काही मिळत नाही हे त्याला पुढेही न देण्याचं कारण होऊ शकत नाही. तरीही ही चाचणी उघड्यावर झाली. आक्षेप घेता आला तो त्यामुळेच.

आता त्याच गोळीचा दुसरा वापर पाहा. दिवस भरूनही कळा येत नसतील तर त्या आणण्यासाठी मिसोप्रोस्टॉल देतात, पण अगदी थोडं : २५ मायक्रोग्रॅम. बाजारातली नेहमीची गोळी २०० मायक्रोग्रॅमची असते. ब्लेडनं तिचे आठ तुकडे केले तर प्रत्येक तुकड्यात किती औषध आलं हे कुणीच सांगू शकत नाही. मात्रा जास्त गेली तर कळा इतक्या जोरात येतात की बाळ गुदमरतं. आधी सिझर झालेल्या बाईचं गर्भाशय जुन्या टाक्याच्या जागी फाटू शकतं, म्हणून अशा बाईला शेवटच्या महिन्यांत ही गोळी देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २५ मायक्रोग्रॅमच्या तयार गोळ्या आपल्याकडे मिळतात. त्या असताना कुठेही ब्लेड वापरलं जात असेल तर तो लेबलचा वाद उरत नाही, तो निष्काळजीपणा ठरतो.

३. चांगल्या हेतूनं दिलेल्या चांगल्या औषधानंही बाळं दगावू शकतात.

बाळ दिवसांआधी होणार असेल तर त्याची फुप्फुसं लवकर पक्व व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड देतात. मोठ्या रुग्णालयांत या औषधानं असंख्य बाळं वाचली आहेत. मग गावोगावी का देऊ नये? केंद्र सरकारनं २०१४ मध्ये, मुदतपूर्व कळा आलेल्या बाईला पुढे पाठवण्याआधी पहिला डोस देण्याची मुभा उपकेंद्रातल्या परिचारिकेलाही दिली.

पुढच्याच वर्षी सहा देशांतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. भारतातली तिची दोन ठिकाणं नागपूर आणि बेळगाव. सुमारे एक लाख बाळंतपणं तिने तपासली. जिथे स्टिरॉइडचा वापर वाढवला, तिथे नवजात बालकांचे मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले : दर हजार जिवंत जन्मांमागे इतरत्र २३.९, तर तिथे २७.४. आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढला. गर्भ नेमका किती आठवड्यांचा हे गावात अनेकदा कळत नव्हतं, त्यामुळे ज्यांची बाळं मुदतपूर्व नव्हती अशाही अनेक बायकांना औषध मिळालं. २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत पुन्हा झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. या वेळी गर्भाचे आठवडे नीट मोजले होते आणि बाळाची काळजी घेण्याची सोय होती. त्याच औषधानं तिथे मृत्यू कमी झाले.

म्हणजे औषध तेच. फरक पडतो तो कुठे, कुणाला आणि कोणत्या आठवड्यात दिलं यानं. कुणी मोजलंच नसतं तर हजारामागचे ते साडेतीन जादा मृत्यू कधीच दिसले नसते. एका उपकेंद्राच्या परिचारिकेला वर्षभरात त्यातला एखादाही जाणवला नसता.

४. हा लढा महाराष्ट्राला नवा नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकात पाळी चुकली की दुकानातून गोळ्या आणायच्या, असा सर्रास प्रघात होता. या गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं भरपूर मात्रेत असत, म्हणून त्यांच्याविरुद्धच्या चळवळीत त्यांना ‘ई.पी. फोर्ट’ म्हणत. गोळी घेतल्यावर रक्त गेलं तर गरोदर नाही, नाही गेलं तर गरोदर, अशी ती परीक्षा. काही जणी गर्भ पडावा म्हणूनही घेत. पोटातल्या गर्भात त्यामुळे व्यंग येऊ शकतं असा इशारा ब्रिटनमधल्या एका बालरोगतज्ज्ञ महिलेनं १९६७ मध्येच दिला होता.

भारतात सरकारनं १९८२ मध्ये बंदीचा आदेश काढला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि स्थगिती घेऊन आल्या. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या वेष्टनावर ‘गरोदरपणात घेऊ नये’ असं स्पष्ट छापलेलं आहे, लोकांनी भलताच वापर केला तर आमचा काय दोष? महाराष्ट्रातली लोकविज्ञान संघटना, मेडिको फ्रेंड सर्कल आणि देशभरातल्या स्त्री संघटनांनी हा बचाव मान्य केला नाही. गोळी कशी वापरली जाते हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, तेव्हा वेष्टनावरच्या इशाऱ्यामागे त्याला लपता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. १९८७ मध्ये मुंबईसह मोठ्या शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या. डॉक्टर, कंपन्यांचे प्रतिनिधी आणि सामान्य बायका एकाच सभागृहात बोलल्या. १९८८ मध्ये बंदी लागू झाली.

या सहा वर्षांतली बंदीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्या सुनावण्या. ज्यांच्या शरीरात औषध जातं त्यांना त्याबद्दल विचारायला हवं, हे तिथे प्रत्यक्षात झालं. लातूर-नांदेडला अशी सुनावणी कधी मिळाली नाही.

५. ‘अपाय तर नाही ना’ एवढं पुरत नाही.

बाळाची वाढ कमी आहे, पाणी कमी आहे म्हणून सिल्डेनाफिल लिहून दिलं जातं. लैंगिक दुर्बलतेवर वापरतात तेच हे औषध. वार, म्हणजे नाळेचं मूळ, तिथला रक्तप्रवाह सुधारेल असा तर्क. नेदरलँड्समध्ये याची रीतसर चाचणी चालू होती. जुलै २०१८ मध्ये ती तातडीनं थांबवावी लागली, कारण औषध मिळालेल्या आयांची ११ बाळं फुप्फुसांच्या विकारानं दगावली होती. औषध न मिळालेल्या गटात त्या विकारानं एकही नाही. ही अकरा बाळं अकरा गावांतल्या अकरा दवाखान्यांत जन्मली असती तर प्रत्येक घरानं ‘बाळ आधीच नाजूक होतं’ म्हणून मान खाली घातली असती.

गर्भ टिकण्यासाठी किंवा दिवस भरेपर्यंत थांबावा म्हणून दिलेल्या संप्रेरकांच्या इंजेक्शनांचंही तसंच. त्यांतल्या हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची अमेरिकेतली मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये काढून घेण्यात आली, कारण मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. आपल्याकडे अशी सुई लिहिताना हे घरच्यांना सांगितलं जातं का?

६. संमती बाईची, नवऱ्याची नव्हे.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात स्पष्ट केलं की रुग्ण सज्ञान आणि निर्णय घेण्याजोगी असेल तर तिच्या आईची संमती तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. शिवाय संमती खरी ठरायची तर उपचार काय आहे, त्याचे धोके कोणते, दुसरे मार्ग कोणते, हे तिला पुरेसं कळलेलं असावं लागतं. न्यायालय आईबद्दल बोललं. आपल्याकडे तिथे सासू असते, नवरा असतो, कधी दीर. छापील अर्ज पुढे येतो, त्यावर बहुतेक इंग्रजी मजकूर, आणि सही घरच्या पुरुषाची. आत टेबलावर झोपलेली बाई दोन दारांपलीकडे असते.

लेबलबाहेरच्या औषधाबद्दल तिला सांगायचं ते फार अवघड नाही. ‘ताई, ही गोळी मुळात अल्सरची आहे. कळा याव्यात म्हणून आम्ही ती अगदी थोडी देतो, जगभर देतात. कळा फार जोरात आल्या तर बाळाला त्रास होऊ शकतो, म्हणून ठोके ऐकत राहू. आधी सिझर झालंय का? ही नको असेल तर दुसरा उपाय आहे, तो असा.’ हे बोलायला एक मिनिटही लागत नाही. ती शिकलेली नसली म्हणून तिला समजत नाही असं मानणं हा तिचा अपमान आहे. शेतातल्या फवारणीचं औषध किती पाण्यात किती टाकायचं हे याच बायकांना पाठ असतं.

७. कागद बाईबरोबर जात नाहीत.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की पुण्या-सोलापूरची सून लातूरला येते. तिकडे कोणती इंजेक्शनं झाली हे इकडच्या डॉक्टरला कळत नाही, आणि बाळाला पुढे काय झालं हे तिकडच्याला कळत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं आणखी अवघड. दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जायचं, तिथे दिवस जायचे, तिथल्या एखाद्या दवाखान्यात सुई घ्यायची आणि उन्हाळ्यात गावी परतायचं. माता-बाल संरक्षण कार्ड प्रत्येकीकडे असायला हवं आणि त्यावर लोहाच्या गोळ्यांची, लशींची नोंद होतेही. लेबलबाहेरचं औषध कोणतं आणि कशासाठी दिलं, यासाठी तिथे वेगळी ओळ हवी.

८. सरसकट बंदी हा उपाय नव्हे.

एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांना देशातल्या वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवायला मनाई केली. दुभत्या जनावरांना पान्हा फुटावा म्हणून त्याचा गैरवापर होतो, हे कारण. सगळा भार कर्नाटकातल्या एका सरकारी कंपनीवर टाकला. म्हशीला होणारी सुई थांबवताना बाळंतिणीची सुई धोक्यात आली. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो आदेश रद्द केला.

दुसरं उदाहरण घराजवळचं. २०१२ मध्ये परळीतलं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघड झालं. संताप योग्यच होता. पण त्यानंतर गर्भपाताच्या गोळ्यांवर इतकी करडी नजर आली की अनेक औषध दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडलं. या गोळ्यांना तेव्हा परवानगी होती ती नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी, आणि सोनोग्राफीत मुलगा की मुलगी ते दिसतं त्यानंतर. गुन्हा सोनोग्राफीच्या यंत्राजवळ घडत होता. शिक्षा मात्र नको असलेल्या गरोदरपणातून सुरक्षित सुटका शोधणाऱ्या बाईला झाली.

लेट्रोझोल या स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधाचंही असंच. मूल होण्यासाठी त्याचा वापर पुरेशा पुराव्याविना वाढला, म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये त्या वापरावर भारतात बंदी आली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ७५० बायकांवरच्या चाचणीत ते जुन्या औषधापेक्षा सरस ठरलं. आधी विकणारे चुकले होतेच. पण पुरावा गोळा करण्याऐवजी नुसतं दार लावून घेतलं तर पुरावा दुसऱ्या देशातून येण्याची वाट पाहावी लागते.

९. डॉक्टरांची अडचण खरी आहे.

सरकारी बाह्यरुग्ण विभागातली गर्दी ज्यानं पाहिली आहे तो डॉक्टरला सहज दोष देणार नाही. खासगीतले डॉक्टर म्हणतात, ‘लेबलबाहेर’ असं लिहून दिलं आणि काही वाईट झालं तर तोच कागद ग्राहक न्यायालयात आमच्याविरुद्ध जाईल, किंवा नातेवाईक दवाखाना फोडतील. ही भीती खोटी नाही. पण उलट बाजूनं पाहा. आधी सांगितलेलं असेल, बाईनं ऐकून हो म्हटलेलं असेल आणि मात्रा-वेळ लिहिलेली असेल, तर तोच कागद डॉक्टरच्या बाजूनं बोलतो. गावाकडचा माणूस वाईट बातमीपेक्षा लपवलेल्या बातमीनं अधिक चिडतो. आपल्या शहरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं एक साधा मराठी नमुना तयार करून सगळ्यांनी तो वापरायचं ठरवलं, तर एकट्या डॉक्टरवर धोका येणार नाही.

१०. मोजणं शक्य आहे, महाराष्ट्रानं ते करून दाखवलं आहे.

कोविडच्या पहिल्या लाटेत मुंबईतल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं आणि राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागानं ‘प्रेगकोविड’ नावाची नोंदवही सुरू केली. १९ वैद्यकीय महाविद्यालयांतून ४२०३ बाधित गरोदर बायकांची माहिती एकत्र आली. त्यात ३४ माता दगावल्या. मराठवाड्यातल्या ३५१ जणींपैकी ४ गेल्या, म्हणजे १.१ टक्के, तर मुंबई परिसरात ०.७ टक्के. हा फरक नोंद झाली म्हणून दिसला. महामारीच्या धबडग्यात हे जमलं, तर एरवी का जमू नये?

म्हणून लातूर आणि नांदेड जिल्ह्यांपुरती माझी मागणी अशी. दोन्हीकडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून एक नोंदवही सुरू करावी, आणि इच्छुक खासगी दवाखान्यांना तीत सामील करून घ्यावं. पहिल्या वर्षी चारच औषधं : कळा आणण्यासाठी मिसोप्रोस्टॉल, मुदतपूर्व कळांत डेक्सामेथासोन, बाळाच्या वाढीसाठी सिल्डेनाफिल आणि गर्भ टिकवण्यासाठीची संप्रेरकं. प्रत्येकीची नोंद पाच रकान्यांत : किती आठवडे, कशासाठी, किती मात्रा, बाईला सांगितलं का, आई-बाळाचं काय झालं. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी होते. त्या दिवशी आशाताईंनी कार्ड पाहून राहिलेली नोंद भरून घ्यावी. औषधाचा दुष्परिणाम वाटला तर कोणालाही, अगदी नातेवाइकालाही, १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर सरकारी औषध-सुरक्षा कार्यक्रमाला कळवता येतं. हा क्रमांक प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर मराठीत, ठळक अक्षरांत लावावा.

आणि वर्षातून एकदा या नोंदवहीतले आकडे लातुरात जाहीर वाचून दाखवावेत. तिथे डॉक्टर असावेत, औषध विक्रेते असावेत, अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी असावेत. नोंदवहीवर देखरेख करणाऱ्या समितीत या रुग्णालयांत बाळंत झालेल्या किमान दोन बायका असाव्यात, एक गावाकडची आणि एक ऊसतोड कुटुंबातली. त्यांचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी जिल्हा आरोग्य विभागानं द्यावी.